रांगेत उभा राहिलेला थांब

मशीन क्लॅम्पला धडकलं तेव्हा कारखान्यात एकोणीस माणसं होती. अठरा जणांनी मान वर करून आवाजाच्या दिशेने पाहिलं. एकोणिसावा आपल्या काचेच्या खोलीत मान खाली घालून बसून राहिला. मशीनचे हातपाय दुसऱ्यांनी बनवले होते, पण डोकं यानं लिहिलं होतं.

याला सगळे गोगलगाय म्हणायचे. म्हणीतला पोटातल्या पायांचा भाग लोक त्याच्या तोंडावर गाळायचे, एवढाच काय तो सभ्यपणा. वय छत्तीस, स्वभाव गरीब, आवाज त्याहून गरीब. मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या आत चालणारा प्रोग्रॅम लिहिणं हे त्याचं काम, आणि कुणी काहीही विचारलं की "बघतो" म्हणणं हा त्याचा धर्म. पंखा लागत नाही? बघतो. सुट्टी कधी घेणार? बघतो. "लग्न करायचं का आपण?" असं बायकोने स्वतः विचारलं तेव्हाही हा पठ्ठ्या "बघतो" म्हणाला होता. तिने तो होकार धरला म्हणून संसार तरी झाला.

तर ते मशीन पाट्या कोरायचं. टेबलावर धातूची पाटी क्लॅम्पमध्ये पकडायची, वरून कोरणी गरगरत खाली येते, आणि कॉम्प्युटर तारेतून जशा आज्ञा पाठवील तशी अक्षरं खोदते. कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक मशीन आधी तपासणीच्या टेबलावर यायचं, आणि त्या टेबलावर सव्वीस वर्षं एकच बाई बसत होती. तिला सगळे मावशी म्हणायचे. गंमत बघा, एवढ्या सगळ्यांत ती खरोखरची मावशी होती फक्त गोगलगायीची, आणि तिला मावशी म्हणायची बंदी होती तीही फक्त त्यालाच.

"इथे मी तुझी कुणी नाही," त्याच्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं. "माझ्या वशिल्याने लागलास असं कुणी म्हणता कामा नये. मॅडम म्हणायचं."

"आणि बाकीचे मावशी म्हणतात ते?"

"त्यांना म्हणू दे. ते कुठे माझे भाचे आहेत!"

आता यावर काय बोलणार? आईवडिलांची नोकरी फिरतीची, त्यामुळे पहिलीपासून कॉलेज संपेपर्यंत तो मावशीकडेच वाढला. माय मरो पण मावशी जगो, असं लोक म्हणायचे; त्याची आई चांगली खणखणीत होती आणि ही म्हण ऐकली की दोन दिवस फोनवर बोलायची नाही. मावशी सकाळी सहाला कामावर जायची आणि घरभर चिठ्ठ्या ठेवायची. गॅस बंद कर! किल्ली घे! डबा विसरू नकोस! प्रत्येक चिठ्ठीच्या शेवटी तिचं ते उद्गारचिन्ह, काठी एवढी जोरात ओढलेली की कागद फाटायचा. लग्न झाल्यावरही तो गेला कुठे, तर तिच्याच घराच्या वरच्या मजल्यावर.

तर त्या बुधवारी झालं ते असं. नव्या मॉडेलवर मावशी नमुना कोरत होती. नमुन्याची चौकट पाटीपेक्षा दोन बोटं मोठी आखली गेली होती, आणि कोरणी सरळ क्लॅम्पवर जाणार हे तिच्या चांगलं आधी लक्षात आलं. तिने किबोर्डवरचं थांबवायचं बटण दाबलं. कोरणी चाललेलीच. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं. मग खण्णकन आवाज, कोरणीचे दोन तुकडे, कोरणी फिरवणारा स्पिंडल वाकडा, आणि मावशीचा तळवा लाल बटणावर. ते लाल बटण वीजच तोडायचं. पण वीज तोडली की मशीन आपण कुठवर आलो होतो ते विसरतं आणि पाटी भंगारात जाते, म्हणून जिवावर बेतल्याशिवाय लाल बटणाला हात लावायचा नाही असा मालकांचा हुकूम होता. तो पाळला हीच तिची चूक म्हणायची तर म्हणा.

मालक आले. हा माणूस वाईट नव्हता, पण त्याला एक वाक्य सापडलं होतं आणि ते त्याला फार आवडायचं.

"मशीन चुकत नाही," मालक म्हणाले. "माणूस चुकतो."

"मी वेळेत दाबलं," मावशी म्हणाली.

"मावशी, तुमचं वय काय?"

"वयाचा काय संबंध? तीनदा दाबलं मी."

"तेच म्हणतोय. आपल्याला वाटतं आपण दाबलं. हात मंदावतात हो, त्यात लाज कसली? माझ्या वडिलांना तर शेवटी शर्टाची गुंडी लावायला पाव तास लागायचा." मग ते काचेच्या खोलीकडे वळले. "काय रे, तुझ्या बाजूने तर काही नाही ना?"

गोगलगाय दारात उभा होता. अठरा जोडी डोळे त्याच्यावर.

"बघतो," तो म्हणाला.

ते ऐकून मालकांनी निकाल देऊन टाकला. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी मोठं गिऱ्हाईक मशीन बघायला येणार, तोवर दुसरं मशीन तयार करायचं. तोपर्यंत मावशी टेबलावर. त्यानंतरच्या सोमवारपासून मावशी पॅकिंगला. खोक्यांना चिकटपट्टी लावायला हात मंद असले तरी चालतात.

मावशीने तुटक्या कोरणीचे तुकडे गोळा केले, टेबल पुसलं, आणि मग आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरून ती त्याच्याकडे बघत राहिली. ते गोगलगायीने काचेतून पाहिलं. बघायला नको होतं असं त्याला वाटलं.

मग त्याने खरंच बघितलं, म्हणजे कॉम्प्युटरमधली नोंद उघडली. आता हे प्रकरण काय आहे ते सांगितलंच पाहिजे, फार कठीण नाही. तारेतून आज्ञा येते ती एक एक अक्षर करून येते, मुंग्यांसारखी. कंट्रोलर ती अक्षरं गोळा करतो, ओळ पूर्ण झाली की 'मिळाली' असं उत्तर देतो आणि ती ओळ रांगेत उभी करतो. रांगेत सोळा जणांना जागा. मशीन पहिल्याला बोलावतं, त्याचं काम करतं, 'झाली' म्हणतं, मग दुसरा. कुणी पुढे घुसायचं नाही. ही रांग गोगलगायीने लिहिली होती आणि तिचा त्याला अभिमान होता. त्याच्या मते जगात नीट चालणारी ती एकमेव रांग होती.

आणि थांबवायची आज्ञा? तीही आज्ञाच की! 'थांब' अशी ओळ यायची आणि शिस्तीत शेवटी उभी राहायची. पुढे दोनचार जण असतील तर डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात नंबर लागायचा, म्हणून तीन वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. नव्या मॉडेलला लांब लांब रेषा दिल्या होत्या, आणि बुधवारी रांग भरत आलेली होती.

नोंदीत सगळं स्वच्छ होतं. पहिला थांब: मिळाली. दुसरा थांब: मिळाली. तिसरा थांब: मिळाली. 'झाली' एकाच्याही पुढे नाही. पहिला थांब पोचल्यापासून धडक बसेपर्यंत चार सेकंद. चार सेकंद तिन्ही थांब एकमेकांच्या मागे सभ्यपणे उभे होते, आणि पुढचे लोक आपापली रेषा ओढत क्लॅम्पवर चालले होते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

मावशीने वेळेतच नव्हे, वेळेच्या आधी दाबलं होतं.

माणसाने काय करावं? उठावं, वीस पावलं चालत मालकांच्या खोलीत जावं, आणि "साहेब, चूक माझी" असं म्हणावं. तीन शब्द. गोगलगाय उठला. पाच पावलं गेला. मग त्याला आठवलं की याच महिन्यात त्याला प्रोग्रॅम विभागाचा प्रमुख करणार होते. विभागात तो एकटाच होता, पण प्रमुख म्हणजे प्रमुख. आणि ज्याने 'थांब'ला रांगेत उभं केलं त्याला कोण प्रमुख करतंय? आधी दुरुस्त करू, मग सांगू, असं त्याने ठरवलं. दुरुस्त करून सांगितलं की सांगणं कसं जरा बरं दिसतं. तो परत फिरला आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसला.

दुरुस्ती गुरुवारी संध्याकाळपर्यंत झालीसुद्धा, आणि खरं सांगायचं तर सुरेख झाली. रांगेच्याही आधी, जिथे तारेतून अक्षर आत येतं त्या उंबरठ्यावरच त्याने एक पहारेकरी बसवला. येणारं प्रत्येक अक्षर पहारेकऱ्याने बघायचं. ठरलेली खूण दिसली की ओळ पूर्ण व्हायची वाट बघायची नाही, रांगेत पाठवायचं नाही, तिथल्या तिथे मशीनचा लगाम खेचायचा. मावशीचं बटण आता ती खूण पाठवणार. खूण कुठली घ्यायची? आकडे नकोत, ते मापात येतात. अक्षरं नकोत, ती आज्ञेत येतात. त्याने किबोर्डकडे पाहिलं, आणि क्षणाचाही विचार न करता त्याचं बोट उद्गारचिन्हावर गेलं. लहानपणापासून त्याच्या डोक्यात 'हातातलं सोड आणि थांब' याचं चिन्ह एकच होतं.

त्याने चौकोन कोरून पाहिले, वर्तुळं कोरून पाहिली, रांग गच्च भरून पाहिली. खूण पाठवली की कोरणी जागच्या जागी. इतका खूश झाला की घरी जाताना शीळ वाजवत गेला. मालकांना सांगायचं राहिलं. शुक्रवारी मालक बाहेर होते. शनिवारी मालक होते, पण घाईत होते. निदान गोगलगायीला ते घाईत वाटले. ज्याला बोलायचं नसतं त्याला सगळं जग घाईत दिसतं.

रविवारी सकाळी मावशीने खालून हाक मारली. तो खाली गेला तर ती टेबलाशी बसलेली, पुढ्यात फूटपट्टी, वही, पेन.

"ही वर धर," तिने फूटपट्टी त्याच्या हातात दिली. "खालचं टोक माझ्या बोटांमध्ये येऊ दे. असं. आता न सांगता सोड. मी पकडते. किती सेंटिमीटरवर पकडली ते लिहायचं. जितकं कमी तितका हात चपळ."

"हे काय नवीन?"

"नवीन नाही. डॉक्टरकडे जाऊन आले काल. नसा तपासल्या. म्हणे हात उत्तम आहे. पण डॉक्टर काय, चांगला माणूस आहे, तोंडावर कशाला बोलेल? सोड तू."

त्याने सोडली. तिने पंधरावर पकडली. पुन्हा सोडली, चौदा. पुन्हा, सोळा. वीस वेळा सोडली, आणि सोळाच्या वर एकदाही गेली नाही. मावशी प्रत्येक आकडा वहीत लिहीत होती.

"आता तू," ती म्हणाली.

तिने सोडली. त्याने एकवीसवर पकडली. मग तेवीस. मग तर सुटूनच गेली आणि त्याच्या पायावर पडली.

"मुद्दाम करतोयस," मावशी म्हणाली.

"नाही गं. खरंच."

"मला बरं वाटावं म्हणून मुद्दाम उशिरा पकडतोयस. लहानपणी पत्ते खेळताना पण हरायचास मुद्दाम." तिने वही मिटली. "माझंच चुकलं असणार रे. तीनदा दाबलं असं मला वाटतं, पण मालक म्हणतात तसं, वाटतं ते खरंच असतं असं नाही. परवा दुधाचं पातेलं उतरवताना मी नीट बघितलं स्वतःकडे. हात जातो तिकडे, पण जरा थांबून जातो. पूर्वी असं होतं का? मला आठवतच नाही."

"मावशी..."

"काय?"

तिथे घरात बंदी नव्हती, मालक नव्हते, अठरा जणांचे डोळे नव्हते. पातेलं, फूटपट्टी आणि मावशी. याहून सोपी जागा त्याला जन्मात मिळाली नसती.

"मी... बघतो त्या मशीनचं," तो म्हणाला.

"बघ," मावशी म्हणाली. "पण माझ्यासाठी काही शोधत बसू नकोस. पॅकिंग पण कुणीतरी करायलाच हवं."

तो वर गेला आणि पलंगावर पडून राहिला. बायकोने काय झालं विचारलं तर भिंतीकडे तोंड केलं. स्वतःची इतकी किळस त्याला कधी आली नव्हती. पण नुसती किळस येऊन काय उपयोग? ती पण रांगेतच उभी होती.

गिऱ्हाइकाचा शुक्रवार उजाडला. गिऱ्हाईक म्हणजे एक ठेंगणी बाई, चष्मा डोक्यावर चढवलेला, हातात कागदांची जाडजूड फाइल. तिचा धंदा पाट्यांचा. तिने हात पुढे करून सगळ्यांची ओळख करून घेतली आणि मालकांनी मशीनची स्तुती सुरू केली तेव्हा फाइल उघडून सरळ म्हणाली, "तुमचा नमुना नको. माझा मजकूर कोरून दाखवा."

"जरूर! जे सांगाल ते," मालक म्हणाले.

तिने कागद दिला. मावशीने मजकूर टाइप केला. गोगलगाय मागे उभा होता, पण त्याचं लक्ष मजकुराकडे नव्हतं. आज गिऱ्हाईक गेल्यावर सांगूनच टाकायचं, असा त्याचा निर्धार चालला होता. तो त्या आठवड्यातला सातवा निर्धार होता.

मशीन सुरू झालं. मावशीने दोन्ही हात मांडीवर घेतले, सवयीप्रमाणे. कोरणीने पाटीच्या कडेने चौकट ओढायला घेतली. वरची बाजू झाली, उजवी बाजू निम्मी झाली, आणि मशीन थांबलं. गचकन. कोरणी अर्ध्या रेषेत, टेबल स्तब्ध, सगळं ठप्प.

गिऱ्हाईक बाईने चष्मा डोक्यावरून डोळ्यांवर घेतला. "एवढंच?"

मालकांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. ते मावशीकडे वळले. "हात लागला का तुमचा बटणाला?"

तिचे हात मांडीवर होते. सगळ्यांना दिसत होते, मालकांनाही. मावशीने खाली आपल्या हातांकडे पाहिलं. मग बटणाकडे. मग पुन्हा हातांकडे, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते आणि तिच्याकडे सांभाळायला दिले होते.

"लागला असेल," ती म्हणाली. "माफ करा."

गोगलगायीने स्क्रीनकडे पाहिलं, आणि मजकूर पहिल्यांदा वाचला. 'सावधान! पायरी आहे.'

चौकट ओढली जात असताना मागून मजकुराची ओळ तारेतून येत होती. सा, व, धा, न, आणि उद्गारचिन्ह. पहारेकऱ्याने ते उंबरठ्यावरच ओळखलं, आणि खेचला लगाम. त्याला काय माहीत हे पाटीवरचं आहे की मावशीचं! तीन वर्षं पाट्या कोरायच्या मशीनचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाने खूण निवडताना आकड्यांचा विचार केला, आज्ञांचा विचार केला, आणि पाटीवर मजकूर असतो एवढंच विसरला. चौकोन आणि वर्तुळं कोरून बघितली होती ना! अक्कल गहाण टाकतात ती अशी.

"मावशीचा हात लागला नाही," तो म्हणाला.

आवाज इतका मोठा निघाला की तो स्वतःच दचकला. कारखान्यात आठ वर्षांत त्याने तिला पहिल्यांदा मावशी म्हटलं होतं.

"तू गप्प बस, आपण नंतर..." मालकांनी सुरुवात केली.

"नाही साहेब, नंतर नाही. नंतर नंतर करत नऊ दिवस झाले. आत्ता मशीन थांबलं ते यांच्या पाटीतल्या उद्गारचिन्हामुळे. मी त्याचा अर्थ थांब असा लिहून ठेवलाय. चूक माझी. आणि त्या बुधवारी थांबलं नाही तीही माझीच. तेव्हा थांब रांगेत उभा राहायचा, बाकीच्यांच्या मागे. मावशीने तीनदा दाबलं. नोंद आहे. पहिल्यांदा दाबलं ते धडकेच्या चार सेकंद आधी. तिचा हात मंद नाही. तिचा हात माझ्यापेक्षा चपळ आहे, फूटपट्टीवर मोजलाय आम्ही."

फूटपट्टीचं कुणाला काही कळलं नाही. पण बाकीचं कळलं.

मालकांनी तोंड उघडलं. त्यांचं ते आवडतं वाक्य जिभेवर आलेलं दिसत होतं, पण ते त्यांनी मनात एकदा म्हणून पाहिलं असावं आणि त्यातला माणूस कोण हे लक्षात आलं असावं. त्यांनी तोंड मिटलं.

गिऱ्हाईक बाई मात्र पोट धरून हसत सुटली. "सावधान वाचून मशीनच सावध झालं! अहो, आमच्या प्रत्येक पाटीवर उद्गारचिन्ह असतं. त्याशिवाय लोक वाचतच नाहीत." मग एकदम हसू आवरून तिने विचारलं, "म्हणजे आता बटण दाबलं की लगेच थांबतं?"

"लगेच," गोगलगाय म्हणाला.

"यांना दाबू दे." तिने मावशीकडे बोट केलं.

उद्गारचिन्ह काढून मजकूर पुन्हा पाठवला. कोरणी पायरीच्या प वर असताना मावशीने बटण दाबलं. कोरणी प च्या काठीत अर्ध्यावर थांबली, केसभरही पुढे नाही. बाईने वाकून ते बघितलं, बोट फिरवून बघितलं.

"पंधरा दिवसांनी येते," ती मालकांना म्हणाली. "तोवर ते उद्गारचिन्हाचं निस्तरा. आणि तपासणीच्या कागदावर सही यांची हवी. ज्या बाईने तीनदा दाबलं आणि तरी माफी मागितली, तिची सही मला चालेल. तुमची नको."

मालकांनी मान डोलावली. जाताना ते मावशीपाशी थांबले, खाकरले आणि म्हणाले, "सोमवारचं ते पॅकिंगचं... राहू द्या." माफी म्हणून त्यांच्याकडे तेवढीच होती. गोगलगायीकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि प्रमुखपदाचं पुन्हा कधी निघालं नाही.

दुपारपर्यंत त्याने खूण बदलली. आता अशी घेतली की जी कुठल्याच किबोर्डवर नाही, कुठल्याच पाटीवर येणार नाही, जिला छापायला चेहराच नाही. मग तो तपासणीच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. मावशी कागद भरत होती. वर बघितलं नाही.

"मॅडम," तो म्हणाला.

"आता कशाला मॅडम? सगळ्यांसमोर बोंबललास की."

"मावशी, चुकलो."

"किती दिवस ठाऊक होतं?"

"त्याच दुपारपासून."

"म्हणजे रविवारी ठाऊक होतं." तिने पेन खाली ठेवलं. "वीस वेळा फूटपट्टी सोडलीस माझ्या हातात, तेव्हा ठाऊक होतं."

तो टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला.

"पदाची भीती वाटली असेल, मालकांची वाटली असेल, ते कळतं मला. इतकी काही मी मूर्ख नाही." तिचा आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "पण मी रोज रात्री हा हात उशीवर ठेवून बघत होते रे. म्हटलं, आता हाच गेला, उद्या काय जाईल? मशीनला चार सेकंद लागले, ठीक आहे. त्याला तू बनवलंस. तुला नऊ दिवस का लागले? तुला तर मी वाढवलंय."

गोगलगायीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याने ते बाहीने पुसलं, आणखी आलं, आणखी पुसलं. मावशीने खिशातला रुमाल काढला, त्याला देणार असं वाटलं, पण त्या रुमालाने तिने टेबल पुसलं.

"रडून झालं की बस," तिने खुर्ची पुढे सरकवली. "रांग गच्च भर. मशीन सुरू कर. मी म्हणेन तेव्हा थांबवायचं. दोनशे वेळा. प्रत्येक वेळेचा आकडा मी लिहिणार."

"दोनशे?"

"थांब म्हटलं की लगेच थांबतं का ते बघायचंय."

तो बसला. मशीन सुरू झालं, कोरणी पाटीवरून लांब रेषा ओढत निघाली. त्याने बोट बटणावर ठेवलं आणि मावशीकडे बघत राहिला. ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती, अगदी फूटपट्टी सोडताना बघायची तशी.

"थांब!" मावशी म्हणाली.

त्याने दाबलं. कोरणी जागच्या जागी थांबली. मावशीने स्क्रीनवरचा आकडा बघितला, कागदावर लिहिला आणि नाक मुरडलं.

"मशीन ठीक आहे," ती म्हणाली. "तू उशीर केलास. पुन्हा."